शेजारच्या बराकीतला खोकला : मराठी तुरुंगवाङ्मय आणि कैद्याचे आरोग्य

मराठी वाचकाच्या मनात तुरुंगाला एक मानाचे स्थान आहे. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, विनोबांची गीता-प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली, 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात उतरली. या तीन पुस्तकांवर आपल्या किती पिढ्या वाढल्या हे सांगायला नको. त्यामुळे तुरुंग म्हटला की आपल्याला आधी शांतता, एकांत आणि लेखणी आठवते. संडास, पिण्याचे पाणी आणि रात्रभर खोकणारा शेजारी आठवत नाही. प्रस्तुत लेखात मराठी तुरुंगवाङ्मय या दुसऱ्या बाजूने वाचून पाहण्याचा प्रयत्न आहे. या पुस्तकांत आजारी कोण पडतो, त्याच्या आजाराला कोणता अर्थ दिला जातो आणि कोणाच्या आजाराची नोंदच होत नाही, असे तीन साधे प्रश्न मी धरले आहेत.

सुरुवात आगरकरांपासून करावी लागते. कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक १८८२ साली मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले आणि बाहेर येताच आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांतले आमचे १०१ दिवस' लिहिले. मराठीतले हे पहिले महत्त्वाचे तुरुंगकथन. आगरकर पंचविशीतले, विनोदाची धार असलेले. अन्न, अंथरूण, कोठडी यांकडे ते चौकस नजरेने पाहतात. स्वतःच्या हालांचे भांडवल करत नाहीत आणि तुरुंगाला तीर्थक्षेत्रही करत नाहीत. नव्या कारखान्यात शिरलेला चौकस माणूस तिथली यंत्रे जशी पाहील तसा त्यांचा तुरुंगाकडे पाहण्याचा ढंग आहे. या दृष्टीची परंपरा मराठीत वाढली असती तर आपले तुरुंगवाङ्मय आज वेगळे दिसले असते. ती वाढली नाही, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तुरुंगात जाणाऱ्याचे प्रयोजनच बदलले. तो देशासाठी जाऊ लागला. देशासाठी सोसलेल्या हालांकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणे कोणाला सुचणार?

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९२७ साली प्रसिद्ध झालेले सावरकरांचे 'माझी जन्मठेप'. अंदमानचा कोलू, नारळाच्या काथ्याचे काम, दंडाबेड्या हे सर्व वाचकांच्या स्मरणात आहे. परंतु हे पुस्तक आरोग्याच्या अंगाने वाचले तर त्यात कोलूइतकीच जागा शौचाच्या वेळांनी व्यापलेली दिसते. ठरलेल्या वेळांखेरीज कैद्याला कोठडीबाहेर जाता येत नाही. संध्याकाळी दार बंद झाले की सकाळपर्यंत आत एक लहानसे भांडे. अतिसार झालेल्या माणसाने काय करायचे? ज्या कोठडीत झोपायचे, जेवायचे, तीच घाण करायची, आणि सकाळी त्याबद्दल बोलणी खायची. आतड्याचा रोग एका कैद्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय यापेक्षा अधिक नेटकी कोणी केली नसती. मलेरियाच्या बाबतीतही तीच गोष्ट. ताप खरा की कामचुकारपणाचा, हे ठरवताना दवाखान्याच्या दारात डॉक्टरच्याही आधी जेलरची मर्जी उभी असते. डॉक्टर भला असला तरी तो तुरुंगाचा नोकर आहे, हे सावरकरांनी बारकाईने दाखवले आहे. वॉर्डरांच्या धर्मासंबंधी त्यांनी जे लिहिले त्यावर वाद आहेत आणि ते व्हायला हवेत, पण ते वेगळ्या लेखाचे विषय आहेत. या लेखापुरते एवढेच नोंदवायचे की, बंदिस्त जागेतल्या रोगराईचे इतके तपशीलवार चित्रण त्याआधी मराठीत नव्हते.

आणि तरीही त्या पुस्तकाचे वाचन आपण तसे केले नाही. बाबाराव सावरकरांना अंदमानात क्षयाने गाठले, १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणले गेले आणि १९२२ साली खंगलेल्या अवस्थेत त्यांची सुटका झाली. आपल्या व्याख्यानांत आणि गौरवग्रंथांत हा क्षय त्यागाचे मोजमाप म्हणून येतो. मात्र क्षय हा हवेतून पसरणारा रोग आहे. एका रोग्याला झाला तर त्या हवेत श्वास घेणाऱ्या इतरांचे काय झाले, हा प्रश्न निघतोच. त्या इमारतीत चोरीच्या, खुनाच्या, दरोड्याच्या शिक्षेवर आलेले शेकडो साधे कैदी होते. त्यांचा क्षय कोणत्या त्यागाच्या खात्यावर जमा करायचा? नायकाच्या आजाराला अर्थ मिळतो आणि बाकीच्यांचा आजार नुसता आजार राहतो. माझ्या मते आपल्या तुरुंगवाङ्मयाच्या वाचनातली ही मूळ तूट आहे.

तिसाव्या दशकात ही दरी अधिक वाढली. १९३० नंतर कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले. वर्ग ठरवताना शिक्षण, राहणीमान, सामाजिक स्थान पाहिले जाई. वरच्या वर्गाला बरे अन्न, पुस्तके, पत्रांची सवलत, आणि क वर्ग म्हणजे जवळजवळ साधा कैदी. असंख्य सत्याग्रहींनी क वर्ग भोगला हे खरे. पण लिहिणारे हात बहुतेक जिथे होते तिथे तुरुंग हळूहळू आश्रमासारखा दिसू लागला. गांधीजींनी तर येरवड्याला मंदिर म्हटले. विनोबांच्या प्रवचनांत आणि साने गुरुजींच्या गोष्टींत तुरुंगातले शरीर जवळपास नाहीसेच होते. त्या पुस्तकांचा तो विषय नव्हता, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु वाचक म्हणून आपण त्यांवरूनच तुरुंगाची कल्पना बांधली, हा दोष आपला आहे.

येथे एका प्रसंगाची नोंद उपयोगी पडेल. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यात गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. वेळेवर निदान, तुरुंगाबाहेरचे रुग्णालय, कुशल सर्जन आणि प्रकृतीच्या कारणावरून मुक्तता : कैद्याच्या आरोग्यासाठी जे जे करायला हवे ते सर्व या एका प्रकरणात झाले. म्हणजे १९२४ साली परक्या सरकारलाही हे शक्य होते. फरक इतकाच की कैदी कोण आहे यावर सारे अवलंबून होते.

आता जे आपल्या वाङ्मयात आलेच नाही त्याकडे वळू. १८९७ म्हटले की मराठी माणसाला पुण्याचा प्लेग, रँड, चापेकर बंधू आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि लस तिथल्या कैद्यांना टोचण्यात आली. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस मिळाली, उरलेल्यांना नाही. लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले. आज परळला हाफकिन संस्था उभी आहे, तिच्या कीर्तीच्या पायात हा तुरुंग आहे.

हा प्रयोग तुरुंगातच का झाला याचे उत्तर रोगशास्त्राइतकेच तुरुंगाविषयी सांगणारे आहे. तिथे माणसे मोजलेली असतात. सर्वांचे अन्न एक, पाणी एक, झोपायची जागा एक, कोणी निघून जाऊ शकत नाही. शास्त्रज्ञाला तुलना करायला यापेक्षा सोयीची जागा नाही. रोगालाही पसरायला यापेक्षा सोयीची जागा नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने खऱ्या आहेत. त्या कैद्यांनी 'हो' म्हटले तेव्हा त्यांच्यापुढे 'नाही' म्हणण्याची किती मोकळीक होती, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारायला हवा. पण ते 'हो' म्हणाले आणि त्यातून असंख्य जीव वाचले, हेही मान्य करायला हवे. त्यांच्यावर मराठीत कादंबरी असल्याचे माझ्या वाचनात नाही. चापेकरांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. मात्र प्लेगच्या इतिहासात त्या निनावी कैद्यांनाही एक ओळ मिळायला हवी होती.

निनावी कैद्यांचे मृत्यू सरकारी कागदांत मात्र आहेत. १८६४ साली नेमलेल्या तुरुंग चौकशी समितीने नोंदवले की आधीच्या दहा वर्षांत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत ४६,३०९ कैदी आजाराने दगावले. समितीने गर्दी, कोंदट हवा, अपुरे कपडे, निचऱ्याचा अभाव, उघड्यावर झोपणे अशी कारणे दिली आणि दर कैद्यामागे ५४ चौरस फूट जमीन व ६४० घनफूट हवा असावी अशी शिफारस केली. तुरुंगातल्या माणसाला किती हवा लागते, याचा हिशेब एकशे साठ वर्षांपूर्वी झालेला होता! लक्षात घ्या, हे आकडे काढणाऱ्यांना कैद्यांचा कळवळा होताच असे नाही. मजुरी करून घ्यायचा माणूस मेला तर नुकसान होते, हेही त्यामागे होते. १८९४ च्या तुरुंग कायद्याची भाषा हेच सांगते. त्याच्या २४ व्या कलमानुसार नव्या कैद्याची वैद्यकीय तपासणी करून त्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा नोंदवायच्या आणि त्याच दमात तो कोणत्या प्रकारच्या मजुरीला लायक आहे हेही लिहायचे. ३७ व्या कलमानुसार ज्या कैद्याला डॉक्टरला भेटायचे आहे त्याने पहाऱ्यावरच्या माणसाला सांगायचे, त्याने जेलरला, आणि जेलरने डॉक्टरला. ताप अंगात असलेल्या माणसाचा शब्द तीन तोंडांतून जाऊन डॉक्टरपर्यंत पोचायचा. 'माझी जन्मठेप' मधल्या दवाखान्याच्या प्रसंगांची किल्ली या रुक्ष कलमात आहे. कायदा शेजारी ठेवून साहित्य वाचावे असे मला वाटते ते यासाठी.

परदेशी साहित्यातली दोन उदाहरणे तुलनेसाठी घेऊ. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्डने तुरुंगामागून तुरुंग पालथे घालून १७७७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी तुरुंगातल्या टायफसला 'तुरुंगताप' असेच नाव होते. १५७७ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयात कैद्यांना आणले तेव्हा हा ताप न्यायाधीशांना आणि पंचांनाही लागून ते मरण पावले होते. भिंत कैद्याला अडवते, रोगाला अडवत नाही, हा धडा इंग्रजांना असा मिळाला. दुसरे उदाहरण चेखॉवचे. हा डॉक्टर-लेखक १८९० मध्ये साखालिन बेटावरच्या कैद्यांच्या वसाहतीत गेला आणि सुमारे दहा हजार माणसांची माहिती त्याने कार्डांवर टिपली. कोण किती वर्षांचा, कशाने आजारी, मुले किती, मेली किती. त्यातून पुढे 'साखालिन बेट' हे पुस्तक झाले. स्वतः क्षयाची लक्षणे अंगावर वागवणाऱ्या या लेखकाने तिथे आपले दुःख मांडले नाही, इतरांची नोंद घेतली. आपल्याकडे तुरुंगावर लिहिणारे बहुतेक आत जाऊन आलेले होते आणि म्हणून 'मी' पासून सुरुवात करणे त्यांना भागच होते. मोजायला, विचारायला, शेजारच्या बराकीत डोकवायला बाहेरून गेलेला चेखॉव आपल्याला मिळाला नाही.

ज्यांना तुरुंग चुकवता येत नव्हता अशांचा आवाज मराठीत आला तो दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांची सोलापूरला तारांच्या कुंपणातली वसाहत होती. तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला गेला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचताना कळते की या माणसांसाठी पोलीस ठाणे आणि कोठडी हा जगण्याचा नेहमीचा भाग होता. कोणत्याही प्रयोजनाविना, कोणत्याही गौरवाविना भोगलेली कोठडी तिथे दिसते. पण या आत्मकथनांचा भर मारहाणीवर आणि भुकेवर आहे. मारहाणीचे वळ दिसतात, रोगाचे जंतू दिसत नाहीत. त्यामुळे कोठडीतून घरी आलेला खोकला तिथेही सहसा निसटून जातो.

सफाईचा प्रश्नही असाच निसटलेला आहे. सत्याग्रहींच्या आठवणींत संडास साफ करणारा कैदी येतो तो पार्श्वभूमीसारखा. कोणी हौसेने स्वतः झाडू हाती घेतला तर त्याचे कौतुक येते. रोज घेणाऱ्याचे नाव येत नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत सफाईचे काम जातीवरून देण्याच्या तरतुदी स्वातंत्र्यानंतरही टिकल्या होत्या. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. हा निकाल समतेचा आहे तसाच आरोग्याचाही आहे. घाण कोण काढतो हे जातीने ठरलेले असते तोवर घाण कमी करण्याची निकड व्यवस्थेला वाटत नाही.

आजच्या काळाकडे येऊ. सुटी पत्रे आणि बातम्या वाचल्या तरी जुन्या पुस्तकांतली चित्रे पुन्हा दिसू लागतात. ज्या भायखळ्यात १८९७ साली लस टोचली गेली, तिथल्याच महिला तुरुंगातून जुलै २०१७ मध्ये ८० हून अधिक जणींना पोटाच्या विकाराने जे.जे. रुग्णालयात न्यावे लागले. मे २०२० मध्ये ८०४ कैद्यांसाठी बांधलेल्या आर्थर रोड तुरुंगात तिपटीहून अधिक माणसे होती आणि पहिल्या पंधरवड्यातच दीडशेहून अधिक कैद्यांना करोनाची लागण झाल्याचे उघड झाले. त्याआधी २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून कैद्यांना तात्पुरते सोडण्याचा विचार करायला सांगितले होते. महाराष्ट्रानेही हजारो कैद्यांना जामिनावर वा रजेवर सोडले, शाळा-वसतिगृहांत तात्पुरते तुरुंग उघडले. साथ आली तर तात्पुरते तुरुंग काढावेत ही तरतूद १८९४ च्या कायद्याच्या ७ व्या कलमात आहेच. ती वापरायला एवढी मोठी साथ यावी लागली.

त्या काळातले एक नाव टाळता येत नाही. फादर स्टॅन स्वामी ८३ व्या वर्षी ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन तळोजा तुरुंगात गेले. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ मिळावी यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. पुढे त्यांना करोना झाल्याचे निष्पन्न झाले आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, जामिनाच्या अर्जावर सुनावणी व्हायची असताना, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल वाचकांची मते काहीही असोत. १९२४ च्या ससूनची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

पण पुन्हा तेच. स्टॅन स्वामींचे नाव आपल्याला माहीत आहे. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्यांची नावे माहीत नाहीत. आमच्या डोंगरकड्यासारख्या गावातला एखादा तरुण भांडणात वा चोरीच्या आरोपात धरला गेला की परभणी नाहीतर नांदेडच्या तुरुंगात जातो. घरच्यांना मुलाखतीसाठी एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे खर्चावे लागते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आतच राहतो. बराकीत कुशी बदलायला जागा नसते. त्यात एखाद्याला क्षय असेल आणि आत येताना त्याची थुंकी तपासली गेली नसेल तर बंद हवेत त्याचे जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. रोग लगेच दिसत नाही. हा तरुण सहा-आठ महिन्यांनी सुटतो, घरी येतो, ऊसतोडीला जातो आणि मग खोकू लागतो. तोवर घरात म्हातारी आई असते, लहान पोर असते. तुरुंगात औषध सुरू झालेले असले तरी संध्याकाळी अचानक सुटकेचा कागद येतो, माणूस घाईने बाहेर पडतो, गोळ्या तिथेच राहतात. क्षयाचे साधे उपचार सहा महिन्यांचे असतात. ते मध्येच तुटले तर औषधाला न जुमानणारा क्षय उभा राहतो. तो गावाच्या आरोग्य केंद्रात येतो तेव्हा तुरुंगाचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर करायच्या गोष्टी गूढ नाहीत. आत येताना प्रत्येकाची क्षय, एच.आय.व्ही., त्वचारोग यांसाठी तपासणी आणि निकालाची गुप्तता. खोकणाऱ्याला वेगळी, पण शिक्षेची न वाटणारी जागा. खिडक्या उघड्या राहतील अशा बराकी. पहाऱ्याच्या मध्यस्थीविना डॉक्टरपर्यंत पोचण्याची वाट. सुटकेच्या वेळी हातात महिन्याच्या गोळ्या आणि गावच्या केंद्राच्या नावे चिठ्ठी. आणि सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे गर्दी कमी करणे, जे डॉक्टरच्या नव्हे, न्यायाधीशाच्या हातात असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या राममूर्ती खटल्यात तुरुंगांचे नऊ मोठे प्रश्न सांगितले, त्यांत गर्दी आणि आरोग्याची हेळसांड दोन्ही होती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेले मंडेला नियम सांगतात की बाहेरच्या नागरिकाला जी आरोग्यसेवा मिळते तीच कैद्यालाही मिळावी. बाहेरच्या नागरिकाला ती कितपत मिळते हा आमच्या भागातला वेगळा प्रश्न, पण नियम म्हणून तो योग्य आहे.

मग साहित्याचे काम काय? महाराष्ट्रातल्या तुरुंगांची अलीकडची गाजलेली कथने इंग्रजीत आली. अरुण फरेरांचे नागपूर तुरुंगावरचे पुस्तक २०१४ चे, सुधा भारद्वाज यांचे येरवड्याच्या महिला तुरुंगावरचे २०२३ चे. भारद्वाज यांनी शेजारच्या कैदी बायकांची एकेकीची गोष्ट टिपली आहे. आगरकरांची चौकस नजर आणि चेखॉवची इतरांना मोजण्याची सवय इथे एकत्र आलेली दिसते. ज्या बायकांविषयी ते पुस्तक आहे त्यांतल्या अनेकींची भाषा मराठी आहे आणि पुस्तक मात्र त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत. ही आपल्या भाषेची उणीव आहे. मराठीला तुरुंगवाङ्मयाची एवढी मोठी परंपरा असताना, ती परंपरा आज चालू आहे ती दुसऱ्याच्या घरी.

हे काम मोठ्या लेखकाचीच वाट पाहत बसावे असे नाही. जिल्हा न्यायालयात विधिसेवेचे काम करणारे तरुण वकील, तुरुंगात जाणारे समुपदेशक, क्षयरोग कार्यक्रमातले कर्मचारी, सुटून आलेले आणि लिहिता-वाचता येणारे लोक यांच्यापाशी सामग्री आहे. त्यांनी कोणाची ओळख उघड न करता साध्या नोंदी जरी केल्या तरी पुढच्या लेखकाला आणि पुढच्या डॉक्टरलाही त्या उपयोगी पडतील. बराकीत माणसे किती, नळ किती, संडास किती, डॉक्टर आठवड्यातून कितीदा येतो, खोकणारा कुठे झोपतो. आगरकरांनी १८८२ साली पंचविशीत जे केले ते एवढेच होते. त्यांच्यानंतर आपण तुरुंगातून ग्रंथ आणले, तत्त्वज्ञान आणले, अमर गोष्टी आणल्या. शेजारच्या बराकीतल्या माणसाची खबर आणायची राहिली आहे, आणि तो माणूस आज ना उद्या आपल्याच गावच्या एस.टी.तून उतरणार आहे.